कानांनीं वाचावयाचीं यंत्रें

कुंभाराकडून मडकें घेणारी गृहिणी तें आधीं बोटाच्या पेरानें वाजवून पाहते. नाद खणखणीत आला तर मडकें पक्कें भाजलें आहे, बद्द आला तर त्यास चीर आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर कान सांगतो. नळाखालीं कळशी ठेवून ती आंत जाते आणि पाण्याचा आवाज बारीक होत चढला कीं कळशी भरत आली हें तिला न पाहतांच समजतें. कुकरच्या शिट्ट्या मोजणें हा तर आज घरोघरचा परिपाठ आहे. ह्या तिन्ही प्रसंगीं कोणी एक शब्दहि उच्चारलेला नाहीं, तरी बातमी पोंचली आहे. संगणकाच्या शास्त्रांत गेलीं चाळीस वर्षें एक प्रश्न चर्चिला जात आहे, तो ह्याच जातीचा : शब्दावांचून, केवळ नादाच्या योगानें, यंत्रानें माणसास काय सांगावें आणि काय सांगूं नये?

डोळा एका वेळीं एकाच दिशेला पाहतो. तो वळवावा लागतो आणि मिटतांहि येतो. कानाला पापणी नाहीं. पाठीमागचें, शेजारच्या खोलींतलें, अंधारांतलें सर्व त्याच्याकडे आपण होऊन येतें. शिवाय एकसारखा चालणारा आवाज तो थोड्याच वेळांत विसरतो, पण त्यांत फरक पडला कीं बहुधा तत्काळ सावध होतो. पंख्याची घरघर दिवसभर कोणाच्या ध्यानींमनीं नसते. ती बदलली कीं मात्र घरांतील माणसें मान वर करतात. परंतु कानाला एक मोठें वैगुण्य आहे. छापील पानावरचा आंकडा पुन्हां पाहतां येतो, निघून गेलेला नाद पुन्हां ऐकतां येत नाहीं. आणि नादावरून ‘वाढलें’ किंवा ‘कमी झालें’ हें चटकन कळलें, तरी नेमकें किती, हें सांगणें कठीण जातें.

जुन्या यंत्रांना ही विद्या कोणी शिकविली नव्हती. गिरणींतला साचा बिघडूं लागला कीं त्याचा खडखडाटच बदले. संगणकाचें काम विजेचें, म्हणून जवळजवळ निःशब्द. त्याला आवाज द्यावयाचा तर तो मुद्दाम बनवून द्यावा लागतो. आरंभीं हा आवाज म्हणजे टेलिप्रिंटरवरची घंटा होती. १९६३ सालीं अमेरिकेंत अक्षरांना अंक नेमून देणारी ‘आस्की’ नांवाची जी संकेतमाला ठरली, तींत सातवा अंक कोणत्याहि अक्षरासाठीं नसून घंटेसाठीं राखलेला आहे, आणि तो आजहि तसाच आहे. ही घंटा ‘इकडे पाहा’ एवढेंच सांगे. पुढें आवाज पुष्कळ आले, पण त्यांतील बहुतेक शोभेचे. ‘विंडोज ९५’ चालू होतांना वाजणारी सुमारें सहा सेकंदांची धून ब्रायन ईनो ह्या नामांकित संगीतकाराकडून करवून घेतलेली होती. ती मधुर होती ह्यांत शंका नाहीं. परंतु यंत्र सुरू झालें ह्यापलीकडे तिच्यांत बातमी नव्हती.

विल्यम गेव्हर ह्या संशोधकानें १९८६ सालीं निराळी दिशा दाखविली. त्याचें म्हणणें असें कीं, माणूस नित्य व्यवहारांत सूर ऐकत नाहीं, तो नादामागची वस्तु ऐकतो. जिन्यावर पावलें वाजलीं तर ‘अमुक सूर लागला’ असें कोणी म्हणत नाहीं; ‘कोणी तरी वर येत आहे’ असेंच म्हणतो, आणि पुष्कळदां येणारा कोण हेंहि ओळखतो. मग संगणकानें वस्तूंचे आवाज कां करूं नयेत? १९८९ सालीं ॲपल कंपनीच्या संगणकासाठीं केलेली त्याची ‘सोनिकफाइंडर’ नांवाची योजना प्रसिद्ध झाली. तींत एखादी फाइल निवडली कीं ठोकल्यासारखा आवाज येई. फाइल मोठी असेल तर जाड, लहान असेल तर बारीक. ती ओढून नेतांना घासल्याचा आवाज येई. आणि फाइलीची नक्कल चालू असतां भांड्यांत पाणी ओतल्याचा आवाज येऊन तो हळूहळू चढत जाई. कळशी भरतांना गृहिणी जें ऐकते तेंच हें. तें कोणाला शिकवावें लागत नाहीं, ही ह्या पद्धतीची खरी किंमत.

परंतु संगणकांतल्या सर्वच गोष्टींना व्यवहारांत आवाज नसतो. ‘टपाल आलें’ ह्यासाठीं एक वेळ दाराची कडी सांपडेल. ‘परवानगी नाहीं’ ह्याचा आवाज कोणता? त्याच १९८९ सालीं मीरा ब्लॅटनर व तिचे सहकारी ह्यांनीं ह्यावर संकेताचा मार्ग मांडला. दोनचार सुरांचा एक लहानसा तुकडा, ज्याला ‘इअरकॉन’ म्हणतात, एकेका अर्थाला नेमून द्यावयाचा, आणि जवळच्या अर्थांना जवळचे तुकडे देऊन त्यांचीं कुळें करावयाचीं. शाळेच्या घंटेसारखीच ही गोष्ट आहे. एक टोला म्हणजे तास बदलला आणि टोल्यांमागून टोले म्हणजे शाळा सुटली, हें त्या घंटेवर कोठें लिहिलेलें नसतें, तरी मुलांना तें आठवड्याभरांत पाठ होतें. सुटीचा टोला तर पहिल्याच दिवशीं. अडचण आहे ती संख्येची. असे संकेत दोनचार असतात तोंवर ठीक. तीस झाले तर मुलांचें राहोच, मास्तरांनाहि कागद पाहावा लागेल.

ह्या कल्पना कसोटीला लावण्यासाठीं गेव्हरनें रँडल स्मिथ व टिम ओशी ह्यांच्यासह एक प्रयोग केला. तो १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. संगणकावर पेयाच्या बाटल्या भरण्याचा एक काल्पनिक कारखाना मांडला होता. दोन माणसें निरनिराळ्या खोल्यांत बसून तो चालवीत, आणि प्रत्येक यंत्राला स्वतःचा आवाज होता. नाद असले म्हणजे कारखाना एकंदरींत कसा चालला आहे हें दोघांनाहि कळे, आणि समोर न दिसणाऱ्या भागाविषयींहि ते एकमेकांशीं बोलत. परंतु दोन गोष्टी अशाहि आढळल्या कीं ज्या पुढें फार ठिकाणीं खऱ्या ठरल्या. बाटल्या फुटण्याचा आवाज इतका वेधक असे कीं त्यापुढें अधिक महत्त्वाचा बिघाड मागें पडे. आणि अनेक आवाजांच्या गर्दींत एखादें यंत्र गप्प झालें, तर तें कधीं कधीं कोणाच्या लक्षांतच येत नसे.

अंध माणसांच्या बाबतींत हा विषय सोयीचा न राहतां गरजेचा होतो. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन ह्या अंध तरुणानें २००६ सालीं सुरू केलेला, आणि जेम्स टेह ह्या दुसऱ्या अंध सहकाऱ्याबरोबर वाढविलेला ‘एनव्हीडीए’ हा प्रोग्रॅम पडद्यावरील मजकूर बोलून दाखवितो, आणि तो विनामूल्य मिळतो. परंतु एकाच वेळीं दोन वाक्यें ऐकून समजत नाहींत. म्हणून एखादें मोठें काम चालू असतां तो टक्के मोजीत बसण्याऐवजीं लहान लहान ‘बीप’ वाजवितो, आणि काम पुढें सरकेल तसा त्यांचा सूर चढत जातो. वाचन खालीं चालूच राहतें. माउसची जागाहि नादानें कळण्याची सोय त्यांत आहे : पडद्यावर तो वर गेला कीं सूर उंच, खालीं आला कीं नीच, डावीकडे गेला कीं डाव्या कानांत, उजवीकडे गेला कीं उजव्या.

नादाचें मोल आणि नादाचा धोका हीं दोन्ही एकत्र पाहावयाचीं तर मात्र रुग्णालयांतच गेलें पाहिजे. भूल दिलेल्या रोग्याच्या रक्तांत प्राणवायु पुरेसा आहे कीं नाहीं हें पूर्वीं डॉक्टर त्याच्या ओठांच्या व नखांच्या रंगावरून ओळखीत, आणि निळसर छटा डोळ्यांना दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असे. १९७४ सालीं जपानांतील ताकुओ आओयागी ह्या इंजिनियरानें शरीराच्या पातळ भागांतून लाल व अवरक्त प्रकाश पाठवून, नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांत होणाऱ्या फरकावरून हें प्रमाण मोजण्याची युक्ति मांडली. बोटाला लावावयाचा आजचा ‘पल्स ऑक्सिमीटर’ तो हाच. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत त्याला एक साधा नाद जोडला गेला. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला एक ‘टूं’. आणि प्राणवायु कमी होईल तसा त्या ‘टूं’चा सूर उतरतो. ठोके भरभर पडतात कीं सावकाश हें लयीवरून कळतें, आणि रक्त कसें आहे हें सुरावरून. एकाच आवाजांत दोन बातम्या. भूलतज्ज्ञ श्वासनलिकेंत नळी घालीत असतां त्याची नजर रोग्याच्या घशांत खिळलेली असते. पण सूर उतरूं लागला कीं तें त्याला मान वर न करतां समजतें, आणि खोलींतील इतरांनाहि समजतें. हा नाद ओरडत नाहीं. सर्व कांहीं ठीक असतांहि तो चालूच असतो, म्हणूनच बिघडण्याची सुरुवात ऐकूं येते. किती टक्के हें सुरावरून बिनचूक सांगतां येत नाहीं, तेव्हां आंकडा पाहावाच लागतो. आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचा सूर सारख्याच मापानें उतरतो असेंहि नाहीं. तरी नादाचा इतका समर्पक उपयोग दुसरा क्वचितच दाखवितां येईल.

धोक्याच्या घंटांची तऱ्हा ह्याच्या उलट. ज्या श्रोत्यांनीं अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढली आहे त्यांना त्या घंटा आठवत असतील. अमेरिकेंतील रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या ‘जॉइंट कमिशन’ ह्या संस्थेनें २०१३ सालीं जें इशारापत्र काढलें, त्यांत जानेवारी २००९ ते जून २०१२ ह्या काळांत घंटांशीं संबंध असलेल्या ९८ दुर्घटना नोंदल्या असून त्यांतील ८० रोगी दगावले असें म्हटलें आहे. घंटा वाजल्याच नाहींत असें सर्वत्र झालें नव्हतें. मोठें कारण त्या फार वाजत हेंच होतें. त्याच पत्राप्रमाणें अशा घंटांपैकीं ८५ ते ९९ टक्के घंटांना कांहींहि उपचार करण्याची गरज नसते. बोटावरचा चिमटा सरकला तरी घंटा, रोगी कुशीवर वळला तरी घंटा. दिवसांतून शेकडों वेळां खोटें बोलणाऱ्या आवाजाकडे कान दुर्लक्ष करावयास शिकतो. तो परिचारिकेचा आळस नव्हे, कानाचा स्वभाव आहे. मग आवाज बारीक केला जातो किंवा बंद केला जातो, आणि खरी घंटा त्यांतच हरवते.

वैद्यकीय यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या २००६ सालच्या आवृत्तींत घंटांसाठीं धुनी नेमून दिल्या होत्या : हृदयाची एक, श्वासाची दुसरी, औषधाची तिसरी. कागदावर ही योजना सुबक होती. पण परिचारिकांना त्या धुनी पाठ होईनात, आणि ऑस्ट्रेलियांतील संशोधकांच्या २००७ सालच्या एका लेखाप्रमाणें दोन धुनी एकमेकींवर आल्या कीं त्या ओळखणें जवळजवळ अशक्यच होई. शाळेच्या घंटेला तीस संकेत दिल्यासारखेंच हें झालें. इंग्लंडांतील जुडी एडवर्दी व तिचे सहकारी ह्यांच्या खटपटीनंतर २०२० सालीं त्या प्रमाणांत सुधारणा झाली. आतां प्रथम एक सूचक नाद निकड किती आहे हें सांगतो, आणि त्याला जोडून गेव्हरच्या पद्धतीचा ओळखीचा आवाज येतो : हृदयासाठीं हृदयाचे ठोके, श्वासासाठीं श्वासोच्छ्वास, औषधासाठीं बाटलींत खडखडणाऱ्या गोळ्या. प्रयोगांत हे आवाज धुनींपेक्षां लौकर शिकले गेले. मात्र रुग्णालयांतलीं यंत्रें वर्षानुवर्षें चालतात. म्हणून जुन्या धुनी वाजविणारें आणि नवे आवाज करणारें अशीं दोन्ही यंत्रें एकाच खाटेशेजारीं असूं शकतात. आणि घंटांची संख्या कमी करावयाची तर प्रत्येक रोग्यागणिक यंत्राच्या मर्यादा नीट बसवाव्या लागतात. तें काम त्या त्या पाळीच्या डॉक्टरांना व परिचारिकांनाच करावें लागतें.