सिग्नलयंत्राचा विश्वास

विद्यार्थिमित्रहो, कोसाड स्थानकाच्या फलाटावर आपण उभे असतो आणि मुंबई-दिल्ली मार्गावरील एखादी गाडी धडधडत निघून जाते. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचा अंकलेश्वर ते उत्राण हा पहिला टप्पा १८६० साली सुरू झाला, तो ह्याच भूमीवरून. गाडी दिसेनाशी झाली की आमच्या मनात प्रश्न येतो : हिरवा दिवा दिसताच चालक निःशंकपणे पुढे जातो, तो कोणाच्या भरवशावर?

आम्ही शास्त्राचे पदवीधर नव्हे. तरीही ह्या विषयातले मूळ सूत्र समजण्यास सोपे आहे. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. पण बिघडताना त्याने गाडी थांबवावी, संकटात लोटू नये. जुन्या हाताच्या सिग्नलाची तार तुटली, तर वजनाच्या भाराने तो हात आपोआप आडवा होई. आडवा हात म्हणजे ‘थांबा’. रुळांतून खेळविलेल्या विजेचेही तसेच. गाडीची चाके आली की ती वीज वाटेतूनच परत फिरते, रिले सुटतो आणि मार्ग व्यापलेला ठरतो. बॅटरी संपली, तरी परिणाम तोच.

आज असंख्य स्थानकांवर हे काम ‘इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग’ हे संगणकीय यंत्र करते. सांधा योग्य बाजूस बसून पक्का झाल्याशिवाय आणि मार्ग मोकळा असल्याशिवाय ते हिरवा दिवा लागू देत नाही. त्यात एकच हिशेब दोन किंवा तीन संगणक स्वतंत्रपणे करतात. दोन असतील तेथे दोघांची उत्तरे जुळावी लागतात. तीन असतील तेथे निदान दोघांचे एकमत लागते. एकमत न झाल्यास सिग्नल लाल होतो. पुष्कळ ठिकाणी एक राखीव संचही सदैव जागा ठेवलेला असतो.

हे यंत्र स्वतःची तपासणीही अखंड करीत असते. कोणता भाग नादुरुस्त आहे हे ते दाखविते, म्हणजे तेवढाच भाग काढून नवा बसविता येतो. ‘डेटा लॉगर’ प्रत्येक घडामोड वेळेसह नोंदवितो. तथापि बॅटऱ्या तपासणे, विजेच्या लोळापासून रक्षण करणारी भूजोडणी नीट ठेवणे, धूळ आणि उष्णता दूर ठेवणे, ही कामे माणसांचीच.

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकावर काय घडले ते आठवा. सांधा बाजूच्या मार्गाकडे वळलेला, आणि सिग्नल मात्र मुख्य मार्गासाठी हिरवा! कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली. २९० हून अधिक जीव गेले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नलांच्या तारजोडणीत बदल करताना झालेल्या चुका उघड झाल्या. यंत्राला मिळालेली माहितीच खोटी होती. खोट्या माहितीवर त्याने खरा हिशेब केला!

म्हणूनच दुरुस्तीपूर्वी स्टेशनमास्तरांना लेखी कळवून यंत्रणा रीतसर तोडावयाची आणि काम संपल्यावर प्रत्येक सांधा व प्रत्येक दिवा प्रत्यक्ष पडताळूनच ती पुन्हा जोडावयाची, असा दंडक आहे. घाईच्या वेळी हा खटाटोप व्यर्थ वाटतो. पण चालकाचा, आणि त्याच्यामागे डब्यात निजलेल्या शेकडो प्रवाशांचा विश्वास त्या पडताळणीवरच उभा असतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या ह्या यंत्रांची देखभाल करील. सही करण्यापूर्वी त्याने पुन्हा एकदा पाहावे, एवढीच आमची अपेक्षा.