काढा प्यायला लोहार, धार आली तलवारीला

तलवारीला धार कशी लावतात? दगडावर घासून, हे तुम्हाला माहीतच आहे. पण ‘स्कायरिम’ नावाच्या खेळात लोहार आधी एक काढा घटाघटा पितो आणि मग धारेच्या चाकाशी बसतो. तलवार तीच, लोखंड तेच, चाकही तेच, तरी ती तलवार एरवीपेक्षा कितीतरी सरस होते. आणि काढा तलवारीला लावलेला नाही बरं का, तो गेलाय लोहाराच्या पोटात!

2011 साली आलेला हा खेळ 17 वर्षांपुढच्यांसाठी आहे, त्यामुळे तो खेळायला तुम्हाला अजून थांबावं लागेल. पण त्यातलं गणित अगदी तुमच्या वयाचं आहे, आणि मला त्या गणिताचंच फार कौतुक वाटतं.

आधी काढा बघू. या खेळात रानातली प्रत्येक आळंबी, प्रत्येक फळ, प्राण्याचा दात, फुलपाखराचा पंख, सगळ्यांत चार-चार गुण दडलेले असतात. वस्तू नुसती चाखली की पहिला गुण कळतो. बाकीचे तीन प्रयोग करून शोधायचे. गुहेत उजेड पाडणारी एक चमकती आळंबी असते. तिचे गुण असे: विजेपासून बचाव, विध्वंसाच्या जादूला जोर, लोहारकामाला जोर आणि तब्येतीत वाढ. दुसरी आळंबी ब्लिस्टरवर्ट. ती दमवते, डोकं भडकवते, जखम भरते आणि लोहारकामाला जोर देते. या दोन्ही मिसळून काढा करायचा. आता दोन वर्तुळं काढा, एकमेकांत थोडी शिरलेली, प्रत्येकात एकेका आळंबीचे गुण. दोन्हींत सामाईक काय आलं? लोहारकाम! काढ्यात तेवढंच उतरतं, बाकीचे गुण बाहेर राहतात. गणिताच्या पुस्तकातला संचांचा छेद तो हाच. सामाईक काहीच नसेल तर काढा बनत नाही आणि सामान वाया जातं.

हा काढा अंगात टिकतो फक्त 30 सेकंद. म्हणून खेळाडू चाकाजवळ जाऊन उभे राहतात आणि मगच बाटली तोंडाला लावतात.

खऱ्या लोहाराकडेही द्रव असतो, पण तो पाजायचा लोखंडाला. 12व्या शतकात युरोपात थिओफिलस नावाच्या एका ख्रिस्ती संन्याशाने कारागिरीवर ग्रंथ लिहिला. पोलादी हत्यारं कडक करायची त्याची एक कृती ऐका: तीन वर्षांचा बोकड बांधून ठेवायचा, त्याला नेच्याची पानं खायला घालायची, त्याचं मूत जमवायचं आणि लालबुंद हत्यार त्यात बुडवायचं! हसू येतं ना? पण त्यात थोडं विज्ञान आहे. तापलेलं पोलाद एकदम थंड झालं की त्यातल्या कार्बनच्या अणूंना बाहेर सटकायला वेळच मिळत नाही. ते आत अडकतात आणि पोलाद कडक होतं. साध्या पाण्यात बुडवलं तर पोलादाभोवती वाफेचा पडदा तयार होतो आणि थंड होणं जरा रेंगाळतं. पाणी खारट असेल तर तो पडदा लवकर फाटतो. मुतात क्षार असतातच. नेच्याची पानं आणि बोकडाचं वय यांचा मात्र पोलादाशी काही संबंध नाही.

परत खेळात येऊ, कारण खरी गंमत पुढे आहे. स्कायरिममध्ये तिसरी एक विद्या आहे, वस्तू मंतरायची. टोपी, हातमोजे, अंगठी आणि गळ्यातली माळ या चारही गोष्टी अशा मंतरता येतात, की त्या अंगावर असताना तुमचे काढे जास्त जालीम होतात. आणि मंतरण्याला जोर देणारा काढाही असतो. निळ्या फुलपाखराचे पंख आणि बर्फातली लाल फळं एकत्र करा, झाला तयार.

आता नीट लक्ष द्या. मंतरण्याचा हा जालीम काढा प्या आणि नवी टोपी मंतरा. ती आधीच्या टोपीपेक्षा भारी होईल. ती घालून काढा करा, तो आणखी जालीम होईल. तो पिऊन पुन्हा नवी टोपी मंतरा... मग हे थांबणार कुठे?

गणपतीच्या मांडवात माइक स्पीकरसमोर गेला की कानठळ्या बसवणारी किंकाळी उठते, ती ऐकलीये ना? माइकने आवाज घेतला, स्पीकरने तो मोठा करून सोडला, माइकने तोच पुन्हा घेतला. इथेही तसंच चक्र आहे.

पण स्कायरिममध्ये किंकाळी उठत नाही! मंतरण्याची विद्या पूर्ण शिकलेला माणूस काढा न पिता एका वस्तूत 25 टक्के जोर भरतो. चार वस्तूंचे झाले 100, म्हणजे काढा दुप्पट जालीम. चक्र फिरवत राहिलं की एका वस्तूचे 25 चे 29 होतात आणि तिथेच अडतं. चार वस्तूंचे मिळून 116, म्हणजे काढा सव्वादोनपटसुद्धा झाला नाही. कारण प्रत्येक फेरीत जेवढी वाढ झाली, तिचा थोडासाच भाग पुढच्या फेरीला मिळतो. वाढ आटत जाते, आणि शेवटी इतकी बारीक होते की पूर्ण आकड्यांत मोजणाऱ्या खेळाला ती दिसतच नाही.

याच मालिकेतला 2002 सालचा खेळ ‘मोरोविंड’. त्यात मात्र किंकाळी उठली. तिथे काढा किती जालीम होणार हे करणाऱ्याच्या बुद्धीवरही ठरतं, आणि बुद्धी वाढवणारा काढाही करता येतो! ॲश याम हा कंद घ्या, त्यात ब्लोट नावाचा पदार्थ घाला, कुटा, प्या. बुद्धी वाढली. मग पुढचा काढा वरचढ. तो प्या, बुद्धी आणखी वाढली. वर मर्यादा घातलेलीच नाही. खेळाडूंनी अशी बुद्धी हजारोंच्या घरात नेली.

स्कायरिमलाही एक भोक राहून गेलंच. बरं करण्याच्या विद्येला जोर देणारा एक साधा काढा आहे. तो प्यायल्यावर मंतरलेल्या वस्तू अंगावर चढवल्या, तर त्यांचा जोरही वाढायचा. आटणाऱ्या चक्राला नवं पाणी मिळालं. मग आकडे इतके फुगायचे की खेळच बंद पडायचा. हे भोक बनवणाऱ्यांना दिसलं नाही, पण खेळणाऱ्यांनी बाटल्यांवर बाटल्या रिकाम्या करून शोधून काढलं. असा चिवटपणा प्रयोगशाळेतही लागतो.

तुम्हाला हे वहीत करून बघता येईल. दोन रकाने आखा, दोन्हीत 100 लिहा आणि पहिली वाढ 8 धरा. डावीकडे दर फेरीला वाढ निम्मी करा: 8, 4, 2, 1, मग अर्धा, पाव... कितीही पानं भरली तरी बेरीज 116 च्या पुढे जाणार नाही. उजवीकडे वाढ दीडपट करत जा: 8, 12, 18, 27... विसाव्या फेरीला नुसती वाढच 17 हजारांच्या पुढे गेलेली असेल. मग तिसरा रकाना आखा. त्यात वाढ घटवायची नाही की वाढवायची नाही, दर वेळी 8 च मिळवायचे. हा रकाना कोणाच्या बाजूचा, डावीकडच्याचा की उजवीकडच्याचा?