मेंढ्या खाली का आणि म्हशी वर का?

दिवाळी सरली की पलूसहून किर्लोस्करवाडीकडे जाताना एखाद्या सकाळी तुमची सायकल हमखास अडते. समोर दोनतीनशे काळ्या मेंढ्या, मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला मेंढका, आणि त्याच्याही मागे घोडी. घोडीच्या पाठीवर सारा संसार! भांडी, वाघर नावाची जाळी, कोंबड्या, कालच जन्मलेले एखादे कोकरूसुद्धा. तुम्ही घंटी वाजवता, मेंढ्या ढिम्म हलत नाहीत. शाळेला उशीर होणारच असेल, तर तेवढ्या वेळात एक प्रश्न मनाला विचारून पाहा. हे लोक आटपाडी, जत, कवठेमहांकाळ अशा रुक्ष मुलखातून चाऱ्यासाठी एवढी पायपीट करतात. मग पश्चिमेला सह्याद्रीवर हिरवेगार रान असताना ते तिथेच का राहत नाहीत?

आता जिल्ह्याचा नकाशा उघडा. पलूसपासून चांदोलीच्या डोंगरमाथ्यापर्यंत सरळ रेषेत जेमतेम ७०-७५ किलोमीटर अंतर भरेल. पण पलूसला वर्षाकाठी पाऊस पडतो पाचसहाशे मिलिमीटर, आणि माथ्यावर कित्येक हजार मिलिमीटर! त्याच माथ्यावर उत्तरेला, जिथे आपली कृष्णा उगम पावते, त्या महाबळेश्वरला तो ५,५०० मिलिमीटरच्या वर जातो. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगराला अडून वर चढते. वर दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि थंड होते. बाष्पाचे पाणी होऊन ते तिथेच कोसळते. माथा ओलांडून खाली उतरणारी हवा पुन्हा तापते आणि ढग विरतात. आपण राहतो ते या पर्जन्यछायेत.

उंच डोंगरातले पशुपालक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आल्प्स पर्वत येतो, किंवा हिमाचल प्रदेशातले गद्दी मेंढपाळ. ते उन्हाळ्यात कळप घेऊन वर चढतात आणि हिवाळ्यात बर्फाच्या भीतीने खाली उतरतात. दर हजार मीटर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते. पुरेसे उंच गेले की थंडीमुळे झाडेच वाढत नाहीत, उरते फक्त गवत. असे कुरण सह्याद्रीत थंडीमुळे तयार होणे शक्य नाही, कारण महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटरचे. तरीसुद्धा आपल्या डोंगरमाथ्यावर मैलोन्‌मैल उघडी गवताची पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. साताऱ्याजवळचे कासचे पठार हा असाच एक सडा. इथे झाडांना अडवते ती थंडी नव्हे, जमीन. खाली जांभा दगड, वर बोटभर माती. पावसाळ्यात पाणी तुंबते आणि उन्हाळ्यात थेंब मिळत नाही. अशा जागी झाड मूळ धरणार कसे? गवत आणि चार महिन्यांत आयुष्य उरकणारी फुलझाडे तेवढी तग धरतात.

या सड्यांवर माणसे राहतातच. ते गवळी धनगर. पण त्यांच्या दावणीला मेंढी दिसत नाही. दिसतात म्हशी आणि गाई. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या दोन शास्त्रज्ञांनी या समाजाचा बारकाईने अभ्यास केला, तो १९८२ साली प्रसिद्ध झाला. पूर्वेच्या कोरड्या पट्ट्यात हटकर धनगर मेंढ्या राखतात, तर अतिपावसाच्या माथ्यावर गवळी धनगर म्हशी पाळतात, ही वाटणी त्यांनी नेमकी दाखवून दिली. एका अर्थी ती पावसाने केलेली वाटणी आहे.

का, ते मेंढीच्या पायाला विचारा! तिचे खूर सतत ओले राहिले की मऊ पडतात, बोटांमधल्या कातडीत जंतू शिरतात आणि मेंढी लंगडू लागते. दलदलीतल्या गोगलगायींमधून येणारे चपटे कृमी तिचे यकृत पोखरतात. अंगावरची लोकर भिजून जड होते ती वेगळीच. म्हशीचे नेमके उलटे. तिच्या कातडीत घर्मग्रंथी कमी, त्यामुळे अंग थंड ठेवायला तिला पाणी नि चिखल हवाच. आपल्याला जो पाऊस नको नकोसा होतो, तो तिला सुखाचा.

मात्र सड्यावर दूध काढून विकायचे कुणाला? बाजार दोन डोंगर पलीकडे. दुधात पाणी भरपूर, त्यामुळे जंतू झपाट्याने वाढतात आणि ते नासते. लोणी कढवून पाणी उडवले की उरते तूप. त्यात जंतूंना जगायला पाणीच नसते, म्हणून ते डोक्यावरून डोंगर उतरून नेले तरी टिकते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा ते आठ टक्के, गाईच्या दुधाहून बराच अधिक, तेव्हा ओझे कमी आणि मोल जास्त. आल्प्समधल्या गुराख्यांनी याच अडचणीवर चीज हा उपाय शोधला. तुपाच्या बदल्यात दरीतल्या शेतकऱ्याकडून धान्य मिळे. धनगरवाडे मात्र लहानच, चार-दहा घरांचे. चारा-पाणी पुरेल तेवढीच वस्ती.

इकडे आपल्या मेंढपाळाचा रस्ता गद्द्यांच्या अगदी उलट आहे, हे ध्यानात आले का? पावसाळ्यात तो कोरड्या माळावर असतो. पाऊस थांबला की ओल असलेल्या मुलखाकडे निघतो, कुणी कृष्णाकाठी, तर फलटणकडचे कळप थेट घाट उतरून कोकणात. पुढचा पाऊस येण्याआधी परत. गद्द्यांना थंडी हाकते, यांना पाऊस. वाटेत शेतकरी त्याला आपल्या रानात मेंढ्या बसवायला सांगतो. वाघर लावून कळप रात्रभर बसला की लेंड्या आणि मूत्र जागच्या जागी मातीत मुरते. खत वाहून न्यायला गाडी नको! मोबदला धान्यात किंवा पैशांत.

या मेंढीची लोकर राठ, अंगाला टोचणारी. म्हणूनच तिची घोंगडी होते. सनगर विणकर सुताला चिंचोक्याची खळ देतात. घट्ट विणीवरून पाणी ओघळते आणि भिजली तरी लोकर ऊब सोडत नाही. सुती चादर पांघरून एकदा पावसात उभे राहा, म्हणजे फरक कळेल.

आता हे सारे बदलत आहे. कोयना धरण १९६४ साली पुरे झाले आणि खोऱ्यातली गावे जलाशयाखाली गेली. पुढे कोयना अभयारण्य १९८५ साली, चांदोली राष्ट्रीय उद्यान २००४ साली आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला. राष्ट्रीय उद्यानात चराई चालत नाही. वाडे उठले, माणसे खाली वसवली गेली. वाघ हवा, हे खरेच. पण पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वावरलेल्या गवळ्याला रानातली जी वाट ठाऊक आहे, ती खाली आलेला त्याचा नातू कुणाकडून शिकणार? आणि आपल्याकडे काय झाले? ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांचे पाणी आले, ऊस आणि द्राक्षे वाढली. आजोबांच्या वेळी उन्हाळाभर पडून असलेले रान आता वर्षभर पिकाखाली असते. चांगलेच झाले, पण कळपाला टेकायची जागा घटली.

पुढच्या वेळी कळप आडवा आला तर सायकल बाजूला लावा. मेंढक्याला राम राम करून विचारा: मामा, कुठून निघालात? किती दिवस झाले? काल रात्री कुणाच्या रानात बसलात, आज कुठे बसणार? शिक्षकांच्या मदतीने तो मार्ग जिल्ह्याच्या नकाशावर काढा आणि प्रत्येक मुक्कामाच्या तालुक्याचा सरासरी पाऊस शेजारी लिहा. तारीख टाकायला विसरू नका. पुढच्या दिवाळीनंतर तोच वाडा आला, तर हेच प्रश्न पुन्हा विचारून दुसरी रेघ वेगळ्या शाईने काढा.