सहा चुली आणि एक डॉक्टरीणबाई

कुर्ल्याची स्वदेशी मिल आमच्या जुन्या वाचकांस ठाऊक असेलच. १८८६ सालीं जमशेटजी टाटांनीं डबघाईस आलेली धरमसी मिल घेऊन ती चालविली. आज तिचा भोंगा बंद आहे. अशा गिरण्यांत बायका नायकिणीच्या धाकाखालीं दिवसभर सूत गुंडाळीत. पण त्यांचें बाळंतपण कोठें होतें, हें हजेरीबुकांत कधींच उमटत नसे.

विलायतेंत कारखान्यांवर पहिल्या दोन स्त्री-निरीक्षक १८९३ सालीं नेमल्या गेल्या होत्या. मुंबईस ही चौकशी डॉ. बार्न्स ह्या डॉक्टरीणबाईंच्या वांट्यास आली. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील मजूर परिषदेनें प्रसूतीच्या रजेचा प्रश्न पुढें आणल्यावर मुंबई सरकारनें त्यांस ह्या कामीं नेमलें.

बाई कचेरींत बसून राहिल्या नाहींत. चाळींचे जिने चढल्या. दुसऱ्या मजल्यावरील १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एका खोलींत सहा कुटुंबें राहात असल्याचें त्यांनीं पाहिलें. जमिनीवरील सहा चुली हाच पुरावा! मुलांमाणसांसह मोजदाद झाली तीस. सहांपैकीं तीन बायकांचे दिवस भरत आलेले. बाळंतपण कोठें करतां, असें विचारतां तीन फूट बाय चार फुटांची जागा दाखविण्यांत आली, तेवढाच आडोसा. आपल्या घरांतील बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीस आपण नांवें ठेवतों. येथें तीहि नव्हती.

आई कामावर गेल्यावर तान्हें रडूं नये म्हणून त्यास अफूची गोळी देत. शंभरांत ९८ मुलांस ती मिळते, असें बाईंनीं लिहिलें. ह्या आयांस निर्दय म्हणावयास जीभ सहज वळते. पण दहा तास मूल कोणाच्या हवालीं करावें, हें सांगावयास कोणी पुढें येत नाहीं.

अहवाल १९२२ सालीं ‘लेबर गॅझेट’मध्यें छापला गेला. कायद्यास मात्र आणखी सात वर्षें लागलीं. १९२८ सालीं रा. आसवले ह्यांच्या बिलास पाठिंबा देतांना डॉ. आंबेडकरांनीं म्हटलें कीं, हा भार पुष्कळसा सरकारनें उचलावयास हवा. तरी बाईच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकासहि त्यांतून सुटतां येणार नाहीं. १९२९ च्या कायद्यानें बाळंतिणीस रोज आठ आणे मिळूं लागले. पैसे द्यावयाचे मालकानें. तेव्हां बाईच नको, असा सोपा हिशेब कित्येकांनीं केला. त्यांत रात्रपाळीची मनाई आणि नवीं यंत्रें ह्यांची भर पडली, व मुंबईच्या गिरण्यांतून बायका हळूहळू कमी होत गेल्या.