मिठाची झिलई : ऱ्हाइनकाठची स्टोनवेअर भांडी

स्टोनवेअर म्हणजे भाजून दगडासारखी टणक झालेली मातीची भांडी. साधे मडके साधारण ८०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजतात. त्याचे अंग सच्छिद्र राहते, म्हणून त्यातले पाणी झिरपते आणि गार होते. स्टोनवेअरला १२०० ते १३०० अंशांची आच लागते. एवढ्या उष्णतेत मातीतले काही घटक वितळून कणांमधल्या फटी बुजवतात आणि भांडे झिलईवाचूनही पाणी धरते. आंबट, खारट पदार्थांचा त्यावर परिणाम होत नाही. आपल्याकडची लोणच्याची बरणी ‘चिनी मातीची’ म्हणवली जात असली, तरी ती बहुधा याच जातीची असते.

चीनमध्ये ही विद्या फार जुनी आहे. युरोपात मात्र ती जर्मनीतील ऱ्हाइन नदीच्या परिसरात इ.स. १३०० च्या सुमारास पूर्णत्वाला गेली. प्रखर आचेतही न ढासळणारी माती, भट्टीसाठी जंगलातले लाकूड आणि मालवाहतुकीला नदी, या तिन्ही गोष्टी तेथे होत्या. सीगबुर्ग, कोलोन, फ्रेशेन आणि आज बेल्जियममध्ये असलेले रेरेन ही तिची मोठी केंद्रे होती.

या भांड्यांची खूण म्हणजे मिठाची झिलई. भट्टी पुरेशी तापली की कुंभार वरच्या छिद्रांतून नेहमीचे मीठ आत टाकत. मिठाची वाफ होई. त्यातले सोडियम मातीतील सिलिका आणि ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून भांड्यावर काचेचा पातळ थर चढवी, तर क्लोरीन हायड्रोक्लोरिक आम्लाच्या धुरातून बाहेर पडे. संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरखरीतपणा या थरावर दिसतो. झिलईचे द्रावण वेगळे कालवावे लागत नसे आणि भांडे दुसऱ्यांदा भाजावेही लागत नसे. रोजच्या वापराचा माल स्वस्तात काढायला ही रीत सोयीची होती.

फ्रेशेनच्या तपकिरी सुरयांच्या गळ्यावर दाढीवाल्या पुरुषाचा चेहरा साच्याने उठवत. जर्मन भाषेत त्यांना ‘बार्टमान’ म्हणतात. त्या जहाजांतून दूरवर गेल्या. १६२९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ फुटलेल्या ‘बटाव्हिया’ या डच जहाजाच्या अवशेषांतही त्या मिळाल्या.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस सीगबुर्ग आणि रेरेनचे काही कुंभार वेस्टरवाल्डच्या डोंगराळ भागात येऊन राहिले. तिथली माती भाजल्यावर करडी होते. तिच्यावर कोरीव नक्षी करून त्यांनी कोबाल्टचा निळा रंग भरला, कारण एवढ्या आचेत टिकणारे रंग मोजकेच असतात. पुढे मँगनीजचा जांभळाही आला. हा मुलुख ‘कानेनबेकरलांट’, म्हणजे सुरया भाजणाऱ्यांचा प्रदेश, या नावाने ओळखला जाऊ लागला.

आकार कामावरून ठरे. बिअरच्या मगाला घट्ट मूठ, तर झऱ्याचे औषधी पाणी भरायच्या बाटलीला बूच बसेल असा अरुंद गळा. कोबी आंबवण्याच्या एका प्रकारच्या बरणीला काठाभोवती पन्हळ असते. तिच्यात पाणी भरून झाकण ठेवले की आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, पण बाहेरची हवा आत शिरत नाही.

इंग्लंडमध्ये जॉन ड्वाइटने १६७२ मध्ये स्टोनवेअरचे एकस्व मिळवले. जर्मन स्थलांतरितांबरोबर हीच रीत अमेरिकेतही गेली. पुढे काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि शीतकपाट आल्यावर या भांड्यांची मागणी घटली. फ्रँकफुर्टमध्ये सफरचंदाची वाइन मात्र आजही ‘बेंबेल’ या करड्या-निळ्या सुरईतूनच वाढतात.