गर्भस्थ मेंदू आणि मातेची अवटुग्रंथी

गर्भाच्या मेंदूची घडण केवळ अनुवंशाच्या हुकमाने होते असा सर्वसाधारण समज असला, तरी पहिले सुमारे तीन महिने गर्भाची स्वतःची अवटुग्रंथी (थायरॉइड) कार्यक्षम नसल्यामुळे, चेतापेशींची निर्मिती व त्यांचे नियत स्थळी स्थलांतर ज्या थायरॉइड संप्रेरकावर अवलंबून असते, ते त्यास मातेच्याच रक्तातून, वारेच्या द्वारे मिळवावे लागते. आणि नेमक्या याच काळाच्या आरंभी कित्येक स्त्रियांना गर्भधारणेची गंधवार्ताही नसते! अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधक हॅडो यांच्या अभ्यासात, उपचाराविना राहिलेल्या अवटुन्यून (थायरॉइड संप्रेरक कमी असलेल्या) मातांच्या 7 ते 9 वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 7 अंकांनी कमी भरला. मात्र सौम्य न्यूनतेवर पुढे झालेल्या मोठ्या चाचण्यांत थायरॉइडच्या गोळ्यांमुळे मुलांच्या बुद्धीला लाभ झालेला दिसला नाही, सबब घाबरून जाण्याचे प्रयोजन नाही.

हे संप्रेरक तयार होण्यासाठी गर्भवतीस दररोज सुमारे 250 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीपाळीने राबणाऱ्या, परमुलखातून आलेल्या भगिनींनी सुटे खडेमीठ टाळून आयोडीनयुक्त मीठच घ्यावे, आणि मासिक पाळी चुकताच, रजेची अडचण न सांगता, पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवून थायरॉइडच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.