दहा लाख तारामासे, हजार कोटी अळ्या

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातून २०१४च्या प्रजनन हंगामात प्लवकांचे ४८ नमुने घेतले गेले. त्यांतल्या बहुतेक नमुन्यांत एकाच प्राण्याच्या अळ्या निघाल्या: ‘क्राऊन ऑफ थॉर्न्स’ हा प्रवाळ खाणारा, अंगभर विषारी काटे असलेला तारामासा. अळ्यांचा पट्टा ३२० किलोमीटर लांब होता. प्रौढांचा उद्रेक (त्यांच्या संख्येतली अचानक वाढ) जिथवर पोचला होता, त्याच्याही दक्षिणेला १०० किलोमीटरवर त्या सापडल्या. उद्रेकाच्या क्षेत्रात प्रौढ तारामासे सुमारे १० लाख, तर अळ्या कमीत कमी धरल्या तरी १,००० कोटींच्या वर.

या मोजणीची निकड दुसऱ्या दोन आकड्यांत आहे. १९८५ ते २०१२ या काळात संपूर्ण ग्रेट बॅरिअर रीफवरचं प्रवाळाचं आच्छादन २८ टक्क्यांवरून १३.८ टक्क्यांवर आलं, आणि त्या घटीतला सुमारे ४२ टक्के वाटा याच तारामाशाचा होता.

तरीही त्याच्या अळ्या कुठे आहेत, हे आधी सांगता येत नव्हतं. अळी जेमतेम मिलिमीटरभर, पारदर्शक. सूक्ष्मदर्शकाखाली इतर तारामाशांच्या अळ्याही तशाच दिसतात. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सचे स्वेन उथिके आणि सहकाऱ्यांनी म्हणून फक्त याच तारामाशाच्या डीएनएला चिकटणारी जनुकीय खूण तयार केली. एकच अळी घेऊन तिच्यावर पीसीआर केला, तरी ती ओळखू आली. मला या कामात सगळ्यात भक्कम वाटते ती ही पडताळणी.

ओळख पटली तरी मोजणी उरतेच. कोविडच्या रिपोर्टवरची सीटी व्हॅल्यू आठवत असेल; इथेही तेच तत्त्व: किती फेऱ्यांनंतर डीएनए दिसू लागतो, त्यावरून तो मुळात किती होता ते काढायचं. पीसीआरच्या प्रत्येक फेरीत डीएनएचा तुकडा दुप्पट होतो, म्हणजे ३० फेऱ्यांत एकाचे सुमारे १०७ कोटी. पण प्रत्येक फेरीत ९० टक्केच तुकड्यांची प्रत निघाली, तर ३० फेऱ्यांनंतर हाती येतात फक्त २३ कोटी. सुरुवात तीच आणि फरक साडेचार पटींहून जास्त! त्यामुळे माहीत असलेल्या प्रमाणाचे नमुने सोबत चालवून त्यांच्याशी ताडून पाहावं लागतं. डिजिटल पीसीआरमध्ये नमुना सुमारे २० हजार थेंबांत विभागतात आणि किती थेंबांत डीएनए आहे ते मोजतात, त्यामुळे ही अडचण बरीच कमी होते. दुसरी मात्र राहते. यंत्र प्रती मोजतं, प्राणी नव्हे. आणि वाढलेल्या अळीत पेशी जास्त, म्हणून प्रतीही जास्त.

अंदाज दहा पटींनी फुगलेला निघाला, असं धरू. तरी एका प्रौढामागे हजार अळ्या उरतातच. म्हणूनच प्रौढ मारून उद्रेक रोखण्याचे प्रयत्न व्यर्थ ठरू शकतात, असं संशोधकांनी लिहिलं. हा निष्कर्ष मला एवढ्या आकड्यांवरून घाईचा वाटतो. मोठी मादी एका हंगामात सहा कोटींच्या आसपास अंडी घालू शकते. १० लाखांतल्या निम्म्या माद्या आणि प्रत्येकीची एकच कोटी अंडी धरली, तरी एकूण ५ लाख कोटी होतात. १,००० कोटी अळ्या म्हणजे त्यातला ०.२ टक्का. एवढ्या अळ्या असणं अपेक्षितच आहे; त्यावरून प्रौढ मारणं व्यर्थ ठरत नाही. शिवाय अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले जातात, त्यामुळे नर-माद्या दूर दूर असल्या की फलन झपाट्याने घटतं. गर्दी होण्याआधी केलेली विरळणी त्यामुळे नुसत्या संख्येवरून वाटतो त्यापेक्षा जास्त परिणाम करते.

पाणबुडे एकेका तारामाशाला पित्तक्षार किंवा व्हिनेगरचं इंजेक्शन देतात. इतकं कष्टाचं काम हजारो चौरस किलोमीटरवर सारखं करता येत नाही. कुठे आधी जायचं ते ठरवावं लागतं. अळी काही आठवडे तरंगून तळाशी बसते, मग बाल तारामासा बनून निदान काही महिने शैवालावर जगत प्रवाळाच्या फटींत दडून राहते. प्रजननक्षम व्हायला तिला सुमारे दोन वर्षं लागतात. दक्षिणेकडच्या त्या १०० किलोमीटरच्या टापूत पाणबुड्यांच्या तुकड्या पाठवायच्या असत्या, तर तेवढाच अवधी हाताशी होता.